अर्ध्या तासाचा परजीवी, अर्ध्या शतकाचा ध्यास

१९६७ सालच्या ऑक्टोबर महिन्यात ‘नेचर’ या नियतकालिकात जेमतेम तीन पानांचा एक शोधनिबंध छापून आला. क्ष-किरणांचा मारा झालेले हिवतापाचे स्पोरोझोइट, म्हणजे डासातून शरीरात शिरणारं परजीवीचं रूप, टोचले असता उंदरांत संरक्षक प्रतिकारशक्ती निर्माण होते, एवढंच त्याचं सांगणं. लेखकांची नावं चार. पहिलं नाव न्यूयॉर्क विद्यापीठाच्या वैद्यक महाविद्यालयातल्या रूथ नुसेन्झ्वाइग यांचं, पुढे जेरोम व्हँडरबर्ग, हॅरी मोस्ट आणि सी. ऑर्टन. आज हिवतापावरच्या दोन लसी आफ्रिकेतल्या बालकांपर्यंत पोचल्या आहेत, आणि त्यांचं मूळ शोधत मागे जाऊ लागलो की आपण या तीन पानांपाशी येऊन थांबतो. म्हणून या पानांवर, आणि त्यांच्या मागेपुढे पसरलेल्या एका विदुषीच्या साऱ्या संशोधनावर, आज सावकाश नजर फिरवू या. निष्कर्षाची घाई नको. एकेक तपशील हाती घ्यावा, उजेडात धरावा आणि त्याचा पुरता आस्वाद घेऊन मगच पुढे जावं.

पहिला तपशील क्ष-किरणांचाच. लस म्हटली की आपल्या मनात एक सरळ कल्पना असते: रोगजंतू मारायचा आणि त्याचं निर्जीव कलेवर शरीराला दाखवायचं. पण हिवतापाचा हा परजीवी मारून टोचला तर शरीर त्याची म्हणावी तशी दखल घेत नाही. रूथ यांनी त्याला जिवंत ठेवलं. किरणांची मात्रा अशी बेतली की त्याने नेहमीसारखी वाटचाल करावी, यकृताच्या पेशीत नेहमीसारखा शिरकाव करावा, मात्र तिथे पोचल्यावर त्याला आपली प्रजा वाढवता येऊ नये. मात्रा कमी पडली तर उंदराला हिवतापच व्हायचा, आणि फार झाली तर परजीवी इतका निकामी व्हायचा की संरक्षणही हाती लागायचं नाही. या दोन टोकांमधल्या अरुंद पट्टीत सारा प्रयोग उभा आहे. परजीवीच्या स्वभावाला धक्का न लावता केवळ त्याची वाढ रोखायची, आणि त्याने शरीरात जाऊन स्वतःच शरीराला आपली ओळख पटवून द्यायची, यातलं चातुर्य जितकं मोहक आहे तितकाच त्यामागचा संयमही. या प्रयोगात परजीवी हाच गुरू आहे, आणि त्याला बोलू देण्याइतकी विनम्रता प्रयोग रचणाऱ्यांच्या ठायी आहे.

दुसरा तपशील निवडीचा, आणि मला तो सर्वांत रसाळ वाटतो. हिवतापाचा परजीवी आपल्या देहात अनेक रूपं पालटतो. अ‍ॅनोफिलिस डासाची मादी चावते तेव्हा तिच्या लाळेतून मोजके, बहुधा काही डझनच स्पोरोझोइट त्वचेत उतरतात. लांबीने मिलिमीटरच्या सुमारे शंभराव्या भागाएवढे, किंचित वाकलेले, सडपातळ जीव. रक्तात शिरले की फार तर अर्ध्या-पाऊण तासात ते दिसेनासे होतात, कारण तोवर त्यांनी यकृत गाठलेलं असतं. तिथे एकेका परजीवीपासून हजारो नवे परजीवी तयार होतात, ते रक्तात उतरून तांबड्या पेशी फोडू लागतात, आणि मग ती परिचित हुडहुडी, तो ताप, तो घाम. रोग्याला दिसतं ते हे शेवटचं रूप, डॉक्टर काचपट्टीवर शोधतात तेही हेच, आणि साहजिकच बहुतेक संशोधकांची दृष्टीही त्याच्यावरच खिळलेली. अर्ध्या तासाच्या त्या प्रवाशाच्या वाटेला फारसं कोणी जात नव्हतं. हिवतापाच्या प्रदेशात माणसाला जन्मभर डास चावतात, तरी त्याला या अवस्थेविरुद्ध पक्की प्रतिकारशक्ती लाभत नाही. मग तिथे लसीला कुठून थारा मिळणार, असंच कोणालाही वाटावं. रूथ यांनी मात्र नेमकी तीच अवस्था पत्करली. परजीवी संख्येने सर्वांत कमी असतो, रोगाचं एकही लक्षण अजून उमटलेलं नसतं, आणि इथेच त्याला अडवलं तर पुढचं सारं दुःखच टळतं, हा त्या निवडीमागचा विचार किती स्वच्छ होता, हे आज मागे वळून पाहताना आपल्याला उमगतं.

ही निवड कागदावर सोपी वाटते. प्रयोगशाळेत तिची किंमत कष्टांनी चुकवावी लागत होती. स्पोरोझोइट बाटलीत वाढवता येत नव्हते, ते डासाच्या देहातूनच मिळवायचे. उंदरांतला ‘प्लाझ्मोडियम बर्घाय’ हा हिवतापाचा परजीवी १९४८ साली बेल्जियन काँगोतल्या रानउंदरांत सापडला होता. पण प्रयोगशाळेतल्या डासांत तो नीट वाढेना. न्यूयॉर्क विद्यापीठातच मेयर योएली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचं मर्म हेरलं. काँगोतल्या काटांगाच्या ज्या रानांत तो मूळचा राहतो तिथली हवा थंड, म्हणून डासांनाही थंडाव्यात, सुमारे २१ अंश सेल्सियसला ठेवायचं. एवढ्याशा तपशिलाने बंद दार उघडलं. मग सुरू झालं हातकाम. संसर्ग झालेल्या डासांना दोन-अडीच आठवडे जपायचं, नंतर एकेक डास सूक्ष्मदर्शकाखाली घ्यायचा, सुईने त्याचं डोकं अलगद ओढायचं, मानेमागून बाहेर येणाऱ्या, तीन-तीन पाळ्यांच्या इवल्याशा लाळग्रंथी वेगळ्या करायच्या, त्या कुटून गाळायच्या, आणि त्यातून हाती येतील तेवढे स्पोरोझोइट मोजून घ्यायचे. ‘नेचर’मधल्या त्या तीन पानांतल्या प्रत्येक आकड्यामागे असे असंख्य डास आणि सूक्ष्मदर्शकाला लावलेले असे तासन्‌तास डोळे आहेत. ही बोटांची शुचिता विज्ञानातल्या सौंदर्याचाच एक भाग आहे, असं मानायला आपण शिकलं पाहिजे.

या कल्पनेला एक पूर्वसूर होता, आणि तो आपल्याच देशात लागला होता. १९४०च्या दशकाच्या आरंभी नीलगिरीतल्या कुन्नूर इथे पॉल रसेल आणि बी. एन. मोहन यांनी कोंबड्यांच्या हिवतापावर काम करताना निष्क्रिय केलेले स्पोरोझोइट टोचून पक्ष्यांना संरक्षण देता येतं, असं दाखवलं होतं. पक्ष्यांतली ही गोष्ट सस्तन प्राण्यांत खरी ठरेल का, हा प्रश्न पुढे जवळजवळ पाव शतक तसाच पडून राहिला. रूथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो उचलला. विज्ञानातली परंपरा ही अशी नकळत वाहत असते: नीलगिरीच्या डोंगरावरची कोंबडी आणि मॅनहॅटनमधला उंदीर एका धाग्यात ओवले जातात.

रूथ यांच्या पूर्वायुष्यात डोकावलं तर या निवडीची बीजं तिथेही सापडतात. जन्म १९२८ सालचा, व्हिएन्नातल्या एका ज्यू डॉक्टर कुटुंबातला. ऑस्ट्रिया नाझींच्या हाती गेल्यावर हे कुटुंब देशोधडीला लागलं आणि १९३९ मध्ये ब्राझीलला पोचलं. साओ पाउलोच्या वैद्यक महाविद्यालयात शिकताना त्यांना व्हिक्टर नुसेन्झ्वाइग भेटले. पुढे दोघांनी संसार आणि संशोधन बरोबरच केलं. विद्यार्थिदशेतलं त्यांचं एक काम इथे थांबून पाहण्याजोगं आहे. दक्षिण अमेरिकेत शागास नावाच्या रोगाचा परजीवी दिल्याघेतल्या जाणाऱ्या रक्तातूनही पसरत असे, आणि रक्तपेढीतल्या बाटलीत हा परजीवी असेल तर वाचवायला दिलेलं रक्तच घात करायचं. या तरुण मंडळींनी १९५३ साली दाखवून दिलं की साठवलेल्या रक्तात जेन्शियन व्हायोलेट मिसळलं की परजीवी मरतो आणि रक्त वापरता येतं. तोंड आलेल्या मुलाच्या जिभेला आपल्याकडच्या आया जे जांभळं औषध लावत, तेच हे. रक्त जांभळं दिसायचं, रोग्याच्या कातडीवरही काही काळ छटा चढायची, पण जीव वाचायचा. रोगाच्या प्रदेशांतल्या रक्तपेढ्यांनी ही पद्धत पुढे कित्येक वर्षं वापरली. परजीवी पुढच्या देहात शिरण्याच्या उंबरठ्यावर असतानाच त्याला गाठायचं, ही दृष्टी तेव्हाच तयार झालेली दिसते. बाटलीतलं रक्त आणि डासाची सोंड, दोन्ही ठिकाणी रूथ यांचं लक्ष त्याच क्षणावर आहे.

पुढे काही काळ पॅरिसमध्ये राहिल्यानंतर १९६०च्या दशकात न्यूयॉर्कला प्रतिकारशास्त्रज्ञ झोल्टान ओव्हारी यांच्याकडे त्यांनी प्रतिपिंडांचा, म्हणजे अँटिबॉडींचा, कसून अभ्यास केला. १९६४ सालच्या लष्करी उठावाने ब्राझीलचा रस्ता बिकट झाला, आणि न्यूयॉर्क हेच कायमचं कार्यक्षेत्र ठरलं. दुसऱ्यांदा मायदेश दुरावलेल्या या बाईंच्या हाती आता दोन विद्या होत्या: परजीवींची आणि प्रतिकारशक्तीची. पुढे जे घडलं ते या दोन विद्यांच्या संगमावर घडलं.

आता १९६९ सालाकडे वळू. उंदीर वाचतात हे सिद्ध झालं होतं. का वाचतात, हे कळत नव्हतं. व्हँडरबर्ग, रूथ आणि मोस्ट यांनी वाचलेल्या उंदरांच्या रक्तातला द्रव घेतला, त्यात जिवंत स्पोरोझोइट सोडले आणि सूक्ष्मदर्शकातून पाहत राहिले. थोड्या वेळाने प्रत्येक परजीवीच्या मागच्या टोकाला एक बारीक तंतू दिसू लागला, लांबत गेला, आणि परजीवी जणू स्वतःची कात मागे टाकत चालल्याचा भास झाला. उंदराच्या रक्तातले प्रतिपिंड परजीवीच्या अंगावरच्या आवरणाला चिकटत होते आणि ते आवरण मागे सरकत तंतूरूपाने गळून पडत होतं. या दृश्यापाशी आपण क्षणभर रेंगाळू या. तोवर ही प्रतिकारशक्ती आकड्यांतून अनुमानलेली गोष्ट होती: इतके उंदीर जगले, इतके आजारी पडले. या तंतूत ती पहिल्यांदा डोळ्यांना दिसली. शिवाय या तंतूने पुढचा प्रश्नही सुचवला: त्या आवरणात असं काय आहे, ज्याला शरीर इतकं अचूक ओळखतं?

ही ओळख किती अचूक आहे, याचा एक फार सुरेख पुरावा त्या काळातच मिळाला होता. स्पोरोझोइटच्या हल्ल्यातून सहीसलामत सुटलेल्या उंदराला हिवताप झालेल्या उंदराचं रक्त टोचलं, तर तो निमूटपणे आजारी पडतो. त्याच परजीवीचं पुढचं रूप त्याचं शरीर ओळखतच नाही. देहाने एका रूपाला नाकारलं आणि दुसऱ्याला घरात घेतलं! ज्यांना यात अपयश दिसेल त्यांना दिसो. रूथ यांना यात खूण दिसली, की ज्याच्याशी लढायचं ते या एकाच अवस्थेच्या अंगावर आहे आणि तिथेच शोधायचं आहे.

अकरा वर्षांनी, १९८० मध्ये, शोध पुढच्या टप्प्यावर पोचला. एकाच प्रकारचा प्रतिपिंड हवा तितका बनवण्याची युक्ती तोवर उपलब्ध झाली होती. नोबुको योशिदा, रूथ, व्हिक्टर आणि सहकाऱ्यांनी ती स्पोरोझोइटवर वापरली आणि थ्रीडीइलेव्हन नावाचा प्रतिपिंड हाती आला. तो स्पोरोझोइटच्या अंगावरच्या एकाच प्रथिनाला चिकटतो, आणि एवढा एकटा प्रतिपिंड उंदराला हिवतापापासून वाचवतो. त्याच वर्षी त्यांनी आणखी एक नाजूक पायरी ओलांडली. प्रतिपिंडाची दोन टोकं परजीवीला धरतात, हे आपण शाळेत शिकतो. त्यांनी प्रतिपिंडाचे तुकडे करून एकच टोक उरलेला भाग वापरला, तरीही उंदीर सुरक्षित राहिले. म्हणजे परजीवींना एकमेकांना जखडून गोळा करण्याची गरज नाही; त्या एका प्रथिनाला हात लावला की शत्रूची वाटच बंद होते.

मग त्या प्रथिनाच्या जनुकाचा शोध लागला. १९८३ मध्ये माकडांच्या हिवतापातला, आणि १९८४ मध्ये माणसाला सर्वांत घातक असणाऱ्या ‘प्लाझ्मोडियम फाल्सिपारम’मधला. त्या प्रथिनाच्या मध्यभागी आढळली एक विलक्षण पुनरावृत्ती. ॲस्पॅरॅजिन, ॲलॅनिन, ॲस्पॅरॅजिन, प्रोलिन ही चार अमिनो आम्लं, याच क्रमाने, पुन्हा पुन्हा, सुमारे चाळीस वेळा. एखादा गवई एकाच स्वरसमूहावर ठाण मांडून बसावा आणि प्रत्येक आवर्तनात तोच समूह नव्याने ऐकू यावा, तसं हे प्रथिन आपल्याला तीच ओळ ऐकवत राहतं. शरीराचे प्रतिपिंड याच ओळीला धरतात. आता मागे वळून मार्ग पाहू: आधी संपूर्ण डास, मग त्याच्या लाळग्रंथी, मग स्पोरोझोइट, मग त्याचं आवरण, मग त्या आवरणातलं एकच प्रथिन, आणि आता त्या प्रथिनातले चार दुवे. नजर दर टप्प्यावर बारीक होत गेली. आणि या कारकीर्दीतला सर्वांत सुंदर विरोधाभास असा, की नजर जितकी बारीक झाली तितका तिचा पल्ला वाढत गेला. उंदरापासून निघालेली गोष्ट आता माणसाच्या दाराशी येऊन उभी होती.

माणसाच्या दाराशी येताना या संशोधनाने कष्टाने मिळालेलं शहाणपणही सोबत आणलं. मेरीलँड विद्यापीठातल्या डेव्हिड क्लाइड यांनी १९७०च्या दशकात ज्यांतले परजीवी किरणांनी दुबळे केले आहेत असे डास स्वयंसेवकांना चावू देऊन माणसांतही संरक्षण मिळतं, हे दाखवलं होतं. पण त्यासाठी हजाराहून अधिक चावे लागतात. १९८७ साली त्या चार दुव्यांचीच कृत्रिम साखळी बनवून माणसांना टोचली, तेव्हा प्रतिपिंड तयार झाले, पण संरक्षण थोड्यांनाच मिळालं. कारण एकही स्पोरोझोइट निसटला तरी तो यकृतात हजारोंना जन्म देतो. इथे जवळजवळ पूर्ण यश हवं. त्याच वर्षी रूथ आणि व्हिक्टर यांच्या प्रयोगशाळेने दाखवलं की संरक्षणाची दुसरीही एक फळी आहे. यकृताच्या पेशीत लपलेल्या परजीवीला गाठणाऱ्या टी-पेशी आणि त्यांच्याकडून स्रवणारं इंटरफेरॉन यांच्याविना शरीराचा बचाव अपुरा राहतो. ज्या अवस्थेला एकाच शस्त्राने जिंकता येईल असं वाटत होतं, तिने आपलं आणखी एक दालन उघडलं, आणि रूथ यांनी त्यातही त्याच कुतूहलाने पाऊल टाकलं.

पुढची कथा आपण वृत्तपत्रांतून ऐकलेली आहे, तरी तिच्यातली रचना पाहण्याजोगी आहे. ब्रिटिश औषधकंपनी जीएसके आणि अमेरिकी लष्कराची वॉल्टर रीड संस्था यांनी आरटीएस,एस ही लस घडवली. तिच्या गाभ्यात हेच प्रथिन आहे: त्यातली ती पुनरावृत्त ओळ आणि टी-पेशींना जागवणारा भाग, हिपॅटायटिस बीच्या विषाणूच्या एका प्रथिनाला जोडून यीस्टमध्ये बनवलेला. एका परजीवीची ओळख एका विषाणूच्या प्रथिनावर बसवून तिला शरीरासमोर पुरेशा ठसठशीतपणे उभी करायची, ही कल्पना किती रम्य आहे! आफ्रिकेतल्या सात देशांत पंधरा हजारांहून अधिक बालकांवर चाचणी झाली, आणि चार डोस घेतलेल्या मुलांत चार वर्षांत हिवतापाच्या दर दहांपैकी सुमारे चार प्रसंग टळले. २०१९ पासून मलावी, घाना आणि केनियात ती प्रत्यक्ष वापरात आली, तेव्हा लस मिळण्याच्या वयातल्या मुलांचे सर्व कारणांनी होणारे मृत्यू १३ टक्क्यांनी घटले. ६ ऑक्टोबर २०२१ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने तिची शिफारस केली. परजीवीविरुद्ध माणसासाठी शिफारस झालेली ही पहिलीच लस.

आणि या प्रवाहाला एक वळण आपल्या पुण्याकडेही आहे. ऑक्सफर्ड विद्यापीठाने घडवलेली आर२१ ही लस पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार होते. तिच्याही केंद्रस्थानी स्पोरोझोइटच्या आवरणातलं तेच प्रथिन, तीच चार दुव्यांची ओळ. फक्त त्या प्रथिनाचं प्रमाण वाढवलेलं. २ ऑक्टोबर २०२३ रोजी तिचीही शिफारस झाली, आणि २०२४च्या जुलैमध्ये आयव्हरी कोस्टमधल्या बालकांना ती मिळू लागली. हिवतापाने जगात दरवर्षी सुमारे सहा लाख माणसं मरतात, त्यांतली बहुतांश आफ्रिकेतली पाच वर्षांखालची मुलं. हे लक्षात घेतलं की हडपसरमधल्या त्या कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या एकेका कुपीचं मोल आपल्याला कळतं.

रूथ नुसेन्झ्वाइग १ एप्रिल २०१८ रोजी वयाच्या ८९व्या वर्षी गेल्या. लसीची शिफारस त्यांनी पाहिली नाही. तरी या कारकीर्दीत अपुरेपणाची खंत शोधू नये. सुचलेली कल्पना अखेरपर्यंत सोडायची नाही आणि तिच्यातली एकही पायरी गाळायची नाही, अशी विरळ निष्ठा या कारकीर्दीत आहे, आणि तिचं फळ आज मुलांच्या दंडात टोचलं जात आहे. हिवतापाचा डास ओळखणाऱ्या रोनाल्ड रॉस यांचं नाव आपल्या पाठ्यपुस्तकांत आहेच, कारण सिकंदराबादेत १८९७ साली झालेल्या त्यांच्या शोधाशी आपलं नातं आहे. आता आपल्या पुण्यात बनणाऱ्या लसीच्या निमित्ताने, रॉस यांच्या शेजारी रूथ नुसेन्झ्वाइग यांचं नावही आपल्या मुलांच्या विज्ञानाच्या पुस्तकात यावं. आणि तोवर, वाचकहो, ते आपणच त्यांना सांगावं.